‘काही निघाले नाही’ या वाक्याचा अर्थ

‘मशीनमध्ये काही निघाले नाही’ हे वाक्य आपल्याकडे न्यायालयाच्या निकालासारखे ऐकले जाते. सोनोग्राफी झाली, सी.टी. स्कॅन झाला, कागदावर ‘दोष आढळला नाही’ असे लिहून आले, की घरातली माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि डॉक्टरांनी दिलेली पुढची तारीख विसरून जातात. माझे म्हणणे असे की हे वाक्य निकाल नसून एक मोजमाप आहे, आणि प्रत्येक मोजमापाला जशी मर्यादा असते तशी यालाही आहे. ती मर्यादा ओळखायला शिकवण्याची जागा केवळ वैद्यकीय महाविद्यालय ही नव्हे. शाळेच्या प्रयोगशाळेत व्हर्निअर कॅलिपर प्रथम हातात देतो, तिथेच हे शिक्षण सुरू व्हायला हवे.

विद्यार्थी मित्रहो, हे म्हणणे स्पष्ट करण्यासाठी मी एकच उदाहरण घेतो. तोंडाचा कर्करोग मानेतल्या गाठींत पसरला आहे की नाही, हे शरीराच्या आतले चित्र काढणाऱ्या यंत्रांना कितपत सांगता येते? उदाहरण मुद्दाम जवळचे निवडले आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू-पाहणीत महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरणारे आढळले, म्हणजे दर चौघांमागे जवळजवळ एक. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. पण तंबाखू-चुना, मशेरी आणि चोरून मिळणाऱ्या पुड्या अजून सुटलेल्या नाहीत. फुलंब्रीच्या बसस्थानकापासून पानटपरीपर्यंत चालत गेलात तरी हे दिसेल. यंत्रेही आता आपल्यापासून फार दूर नाहीत. इथून पंचवीस-तीस किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरात, आमखास मैदानाजवळ, २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. यंत्र जवळ आले की त्याची भाषाही समजली पाहिजे.

आधी मानेचा संबंध पाहू. पायाला काटा लागून जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, हे खेड्यातल्या कोणत्याही आजीला ठाऊक असते. अवधाण म्हणजे सुजलेली लसिका ग्रंथी. रक्तवाहिन्यांतून झिरपलेला द्रव लसिकावाहिन्यांनी परत जातो आणि वाटेत या ग्रंथींतून गाळला जातो. पायाच्या गाळण्या जांघेत, हाताच्या काखेत आणि तोंड-घशाच्या गाळण्या मानेत असतात. एकट्या मानेत अशा सुमारे तीनशे ग्रंथी आहेत. जिभेवर किंवा गालाच्या आत कर्करोग झाला आणि त्यातल्या काही पेशी सुटल्या, तर त्या बहुधा प्रथम मानेतल्या गाळणीत अडकतात व तिथे वाढू लागतात. तसे झाले तर रुग्ण दीर्घकाळ जगण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते, असे शल्यचिकित्सक मानतात. म्हणून ‘मान स्वच्छ आहे का?’ या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे सारे उपचार ठरतात.

या प्रश्नाचे सर्वांत जुने साधन म्हणजे डॉक्टरांची बोटे. पृष्ठभागाजवळची सुपारीएवढी गाठ बोटांना सहज लागते. परंतु जाड स्नायूखाली दडलेली बारीक गाठ लागत नाही. बोटांचे लघुतम माप मोठे आहे, असे आपण भौतिकशास्त्राच्या भाषेत म्हणू.

सोनोग्राफीत श्राव्यातीत ध्वनिलहरी आत सोडतात आणि त्यांच्या प्रतिध्वनींवरून चित्र तयार होते. मऊ ऊतींत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो. मानेसाठी सेकंदाला एक कोटी कंपनांची, म्हणजे १० मेगाहर्ट्झची, लहर घेतली तर तिची तरंगलांबी किती? वेगाला वारंवारतेने भागा : ०.१५४ मिलिमीटर. लहर इतकी आखूड असल्यामुळे दोन-तीन मिलिमीटरची ग्रंथीही दिसते. किरणोत्सर्गाचा धोका नाही, खर्चही कमी. सी.टी. स्कॅनमध्ये क्ष-किरण अनेक दिशांनी शरीरातून पाठवून संगणक आडव्या छेदाचे चित्र मांडतो. पहिल्या रुग्णाचा असा स्कॅन १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये झाला, आणि या शोधासाठी हाऊन्सफील्ड व कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एम.आर.आय. यंत्र तीव्र चुंबकीय क्षेत्रात शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून संदेश मिळवते.

इतकी उत्तम यंत्रे असताना अडचण कुठे आहे? दोन ठिकाणी आहे. पहिली अशी की यंत्राला ग्रंथी दिसते, पण ती कशाने भरली आहे ते सहज दिसत नाही. निरोगी ग्रंथीतील ऊती आणि कर्करोगाच्या ऊती ध्वनी किंवा क्ष-किरण जवळजवळ सारखेच परतवतात वा शोषतात. काळ्या तिळांच्या ढिगात कारळ्याचे दाणे पडले, तर डोळे कितीही तीक्ष्ण असले तरी निवडताना अडखळतात. अडचण डोळ्यांची नसते, रंग सारखे असण्याची असते. म्हणून क्ष-किरण तज्ज्ञ आडव्या खुणांवर विसंबतात. ग्रंथी चवळीच्या दाण्यासारखी लांबट असण्याऐवजी गोल झाली आहे का, तिच्या मध्यभागी पेशी मरून पोकळी झाली आहे का, तिची कडा फुटली आहे का, आणि तिची लहान बाजू साधारण १० मिलिमीटरहून अधिक आहे का, हे ते पाहतात.

या १० मिलिमीटरच्या खुणेकडे जरा लक्ष द्या. ती निसर्गाने आखलेली रेघ नाही. माणसांनी निवडलेली चाळणी आहे. चाळणीची भोके बारीक केली तर रोगट ग्रंथी अधिक अडकतील, पण दात किडल्याने वा घसा बसल्याने सुजलेल्या निरुपद्रवी ग्रंथीही अडकतील. भोके मोठी केली तर निरपराध सुटतील आणि काही अपराधीही सुटतील. आपल्याकडे तर क्षयाच्या गंडमाळाही मानेतच येतात आणि चित्रात कर्करोगासारख्या दिसू शकतात. दोन्ही चुका एकाच वेळी शून्य करील अशी चाळणी आजवर कोणाला सापडलेली नाही.

दुसरी अडचण आकाराची. शरीरातील पेशीची रुंदी सुमारे एक शतांश मिलिमीटर धरू. मग एक मिलिमीटर लांबीत १०० पेशी मावतील आणि एक घन मिलिमीटरमध्ये १०० × १०० × १००, म्हणजे दहा लाख. दोन मिलिमीटर बाजूच्या घनात ऐंशी लाख पेशी होतील. म्हणजे ग्रंथीचा आकार न बदलताही तिच्या एका कोपऱ्यात लाखो कर्करोग-पेशी मुक्काम ठोकून राहू शकतात.

मग आकाराऐवजी पेशींचे वागणेच पाहिले तर? पेट स्कॅनमागे हीच सुरेख कल्पना आहे. कर्करोगाच्या पेशी बहुधा साखर अधाशीपणाने घेतात. म्हणून ग्लुकोजच्या भावंडासारख्या एका रेणूला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सर्गी अणू जोडून तो शिरेतून देतात. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटे. त्यातून निघालेला पॉझिट्रॉन म्हणजे प्रतिद्रव्याचा कण; तो जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटताच दोघेही नाहीसे होतात आणि ५११ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना निघतात. भोवतालच्या वलयात ते एकाच क्षणी टिपले की उगमाची रेषा कळते. परंतु या चित्राचा ठिपका साधारण पाच मिलिमीटर रुंद असतो. दोन मिलिमीटरच्या रोगट जागेची चमक पाच मिलिमीटरच्या घनात पसरली, तर ती (५ ÷ २) चा घन, म्हणजे जवळजवळ सोळा पटींनी फिकट होईल आणि भोवतालच्या उजेडात हरवून जाईल. उलट क्षयाच्या वा साध्या सुजेच्या ग्रंथीही साखर खातात आणि कर्करोग नसताना उजळतात.

तेव्हा प्रश्न असा उरतो : बोटांना गाठ लागली नाही, तर मानेचे करायचे काय? या प्रश्नावर जगातले शल्यचिकित्सक कित्येक दशके वाद घालत होते. काही म्हणत, तोंडातील रोग काढतानाच मानेतल्या ग्रंथीही काढून टाकाव्यात. दुसरे म्हणत, विनाकारण मान का उघडावी? त्या शस्त्रक्रियेने खांदा दुखतो, कधी हात वर उचलणे कठीण होते. गाठ आली तर मग काढू. दोन्ही बाजूंना अनुभवी माणसे होती. हा वाद मिटवणारे सर्वांत महत्त्वाचे काम मुंबईत, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. १९४१ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात, मानेत गाठ न लागलेल्या आणि तोंडाचा कर्करोग सुरुवातीच्या अवस्थेत असलेल्या रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाची मान लगेच साफ केली. दुसऱ्या गटावर नजर ठेवली आणि गाठ आली तरच शस्त्रक्रिया केली.

पहिल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनंतर लगेच शस्त्रक्रिया झालेल्या गटात ८० टक्के रुग्ण हयात होते, वाट पाहिलेल्या गटात ६७.५ टक्के. फरक १२.५ टक्के, म्हणजे आठ जणांवर ही वाढीव शस्त्रक्रिया केली की एक प्राण वाचतो. बोटांना स्वच्छ लागलेल्या मानांपैकी जवळजवळ तीस टक्क्यांत रोग आधीच पोहोचलेला होता. जगभरच्या उपचारपद्धतीवर परिणाम करणारे हे उत्तर आपल्याच राज्यातून, आपल्याच तंबाखूग्रस्त रुग्णांच्या सहकार्याने मिळाले, हे प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावे. त्यातला धडा साधा आहे : काही सापडले नाही, याचा अर्थ काही नाही, असा होत नाही.

यंत्राने हा अंधार किती कमी होतो, हे फळ्यावर करून पाहता येते. समजा, बोटांना गाठ न लागलेले १०० रुग्ण आहेत आणि त्यांतल्या ३० जणांच्या मानेत छुपा रोग आहे. समजा, आपले यंत्र रोग असलेल्या तिघांपैकी दोघांत तो दाखवते आणि रोग नसलेल्या सातांपैकी एकावर चुकून बोट ठेवते. (हे आकडे केवळ गणितासाठी घेतले आहेत.) तर यंत्र २० रोगी आणि १० निरोगी, अशा ३० जणांना संशयित ठरवील. उरलेल्या ७० जणांना ‘काही निघाले नाही’ असा कागद मिळेल. त्यांत ६० खरेच निरोगी असतील आणि १० जणांच्या मानेत रोग असेल. म्हणजे त्या कागदामुळे धोका दहांत तीनवरून सातांत एकवर आला. कागद निरुपयोगी नाही, पण सातांत एक हा धोका पुढची तारीख विसरण्याइतका लहानही नाही.

आता हेच यंत्र वेगळ्या ठिकाणी नेऊ. गावात शिबिर भरवून सरसकट १००० माणसांच्या माना तपासल्या आणि त्यांत खरे रोगी तीनच असले, तर यंत्र दोन रोगी शोधील आणि त्यांच्याबरोबर सुमारे १४२ निरोगी माणसांना घाबरवून सोडील. यंत्र तेच, पण प्रश्न विचारण्याची जागा बदलली आणि उत्तराची किंमतही बदलली. ‘प्रत्येक तालुक्यात मोठे स्कॅन यंत्र द्या, म्हणजे कर्करोग हटेल’ ही मागणी ऐकायला गोड वाटते, पण या गणितापुढे ती टिकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, मग हा लेख यंत्रांच्या विरुद्ध आहे का? मुळीच नाही. योग्य प्रश्न विचारला तर हीच यंत्रे शस्त्रक्रिया वाचवतात. ब्रिटनमध्ये मानेत रोग पसरलेल्या ५६४ रुग्णांना आधी किरणोपचार व औषधे दिली. त्यानंतर निम्म्यांवर ठरल्याप्रमाणे मानेची शस्त्रक्रिया करायची आणि निम्म्यांचे सुमारे बारा आठवड्यांनी पेट-सी.टी. स्कॅन करून गरज असेल तरच करायची, असे ठरवले. २०१६ मध्ये निष्कर्ष आले : शस्त्रक्रिया एका गटात २२१, तर स्कॅनच्या गटात फक्त ५४, आणि दोन वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ८१.५ आणि ८४.९ टक्के, म्हणजे स्कॅनच्या गटाचे काहीही बिघडले नाही. तिथे प्रश्न ‘उरलेल्या गाठीत जिवंत रोग आहे का?’ असा होता, आणि साखरेची भूक त्याच प्रश्नाचे उत्तर देते.

मर्यादा ओळखली की तिला वळसा घालणारी युक्तीही सुचते. सोनोग्राफीत पाहत पाहत संशयित ग्रंथीत बारीक सुई घालून पेशी काढतात व सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ध्वनीने जागा सांगायची, निदान भिंगाने करायचे. दुसरी युक्ती पहारेकरी ग्रंथीची. जिभेवरील रोगाच्या कडेला टेक्नेशियम-९९एम हे सहा तास अर्धायुष्याचे किरणोत्सर्गी द्रव्य टोचतात. ते लसिकेबरोबर ज्या ग्रंथीत प्रथम पोहोचते ती गॅमा किरणांवरून ओळखून तेवढीच काढतात आणि तिच्या पातळ चकत्या तपासतात. इथे यंत्राला रोग शोधायला सांगितलेलेच नाही, फक्त वाट दाखवायला सांगितले आहे. फ्रान्समधील २०२० च्या आणि जपानमधील २०२१ च्या चाचण्यांत ही पद्धत संपूर्ण मान साफ करण्याच्या तोडीस तोड ठरली. मिलिमीटरचा प्रश्न पेशीच्या मापावर नेणे, हे या दोन्ही युक्त्यांचे रहस्य आहे.

पण आपल्या गावाच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त साधन उजेड आणि डोळे हेच आहे. तोंड हे शरीराचे असे अंतर्गत दालन आहे की जे यंत्राशिवाय उघडून पाहता येते. केरळात तिरुवनंतपुरमजवळ १९९६ पासून प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडे तपासली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. तोंडातला रोग लहान असताना सापडला तर तो मानेत उतरलेला असण्याची शक्यताही कमी असते. तोंडातील जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, मानेत गाठ येऊन तीन आठवडे राहिली, तर डॉक्टरांना दाखवले पाहिजे. मुलांच्या मानेत येणाऱ्या बहुतेक गाठी घशाच्या साध्या आजाराने येतात, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. मात्र तंबाखू खाणाऱ्या मोठ्या माणसाची गाठ ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ म्हणून सोडून देऊ नये. न दुखणारी गाठच अधिक संशयाची असते.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. लघुतम मापाचा धडा आपण दोन गुणांचा प्रश्न म्हणून शिकवतो : मुख्य पट्टीवरील सर्वांत लहान भाग भागिले व्हर्निअरवरील भागांची संख्या. विद्यार्थी ०.०१ सेंटिमीटर असे लिहून मोकळा होतो. त्याच तासाला हा प्रश्नही विचारा : ‘या पट्टीवर शून्य आले, तर वस्तूची जाडी खरोखर शून्य आहे का?’ हे ज्याला समजले, त्याला उद्या घरच्या माणसाच्या तपासणीचा कागद वाचताना डॉक्टरांना तीन गोष्टी विचारता येतील. या तपासणीत किती लहान दोष दिसू शकतो? ती कोणत्या प्रश्नासाठी केली होती? आणि आता पुन्हा कधी यायचे? असे विचारणे हा डॉक्टरांवरचा अविश्वास नव्हे, आणि कोणताही चांगला डॉक्टर तसे समजणार नाही. टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी आपल्या बोटांच्या निष्कर्षाला हेच प्रश्न विचारण्यात दहा वर्षे घालवली.

तिन्ही प्रश्नांत शेवटचा अधिक मोलाचा आहे. यंत्राला आज जे दिसत नाही, ते तीन महिन्यांनी दिसू शकते. पण त्यासाठी माणूस पुन्हा यंत्रासमोर यावा लागतो. फुलंब्रीहून शहरात जायला बस आहे, रुग्णालयही आहे. स्वच्छ अहवाल हातात असतानाही ठरल्या दिवशी त्या बसमध्ये बसवील, एवढे विज्ञान प्रत्येक घरात असले पाहिजे. ते घरी पोहोचवण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलामुलींनाच उत्तम जमेल.